मराठी बोलेल त्याच्याबरोबर

भीती ही माणसाची पहिली गुरू होय. ती नसती तर माणूस वाघाला कुरवाळायला गेला असता आणि मानवजातीचा इतिहास अर्ध्या पानात आटोपला असता. उज्जैनच्या माधवनगरातल्या अरविंद दफ्तरदारांची मुलगी जयू मात्र या गुरूच्या वर्गात कधी बसलीच नाही. अकरा वर्षांची झाली तरी तिला ना कुत्र्याची भीती, ना पोलिसाची, ना सुईची. सुई टोचणाऱ्या कंपाउंडरला ती आधी त्याच्या आईचं नाव विचारायची, आईचे गुडघे कसे आहेत ते विचारायची आणि मग दंड पुढे करायची. पण प्रत्येक घराला भीतीचा ठरलेला कोटा येत असावा. जयूने आपला वाटा उचलला नाही, म्हणून तोही अरविंदला उचलावा लागला. त्याचा स्वतःचा होताच.

जयू दिसायला सात वर्षांची. ठेंगणी, फुगीर गालांची, जिवणी रुंद, आवाज घोगरा. इंदूरच्या डॉक्टरांनी तिला तासभर तपासलं, इंग्रजीत एक लांबलचक नाव सांगितलं आणि मराठीत खांदे उडवले. अर्थ एवढाच निघाला की अक्षरं आणि आकडे तिला फारसे येणार नाहीत, माणसं मात्र गरजेपेक्षा जास्त येतील. तशी ती आली. बे दुणे चार तिला तीन वर्षांत जमलं नाही, पण गल्लीत कुणाची सून माहेरी जाऊन बसली आहे आणि कुणाच्या म्हाताऱ्याने कालपासून अन्न सोडलंय, हे तिला तोंडपाठ होतं.

ती कुणाहीबरोबर जायची. एकदा एका वरातीबरोबर नाचत नाचत गेली. चार तास पत्ता नाही. संध्याकाळी मुलीकडच्या लोकांनी तिला टांग्यातून आणून सोडलं, वर मिठाईचा डबा दिला आणि सांगितलं की बिदाईच्या वेळी नवरीपेक्षा हीच जास्त रडली. घरच्यांनी डबा ठेवून घेतला. अरविंदने त्यातली एकही बर्फी खाल्ली नाही.

'अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही' हे तिला शिकवून झालं होतं. तिने ते आनंदाने कबूलही केलं होतं. अडचण एवढीच, की अनोळखी माणूस म्हणजे काय हे तिला सापडेना. भेटलेल्या माणसाला ती नाव विचारायची, तो नाव सांगायचा, संपलं. देशाने परक्यांना दारं उघडायचं ठरवलं त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. जयूचं धोरण त्याहून जुनं होतं.

शेवटी अरविंदने नियम काढला. खुणेचा शब्द तिच्या लक्षात राहिला नसता, चेहऱ्यांत ती भेद करत नव्हती, पण कान तिचे तिखट होते. उज्जैनात घराबाहेर सगळी हिंदी. मराठी बोलणारी माणसं म्हणजे मोजकी घरं, आणि सगळी एकमेकांना ओळखणारी. तेव्हा नियम असा: मराठी बोलेल त्याच्याबरोबरच जायचं. बाकी कुणाहीबरोबर नाही.

अरविंदचे वडील भय्यासाहेब, निवृत्त हेडमास्तर, यांनी नियमाला तात्काळ मान्यता दिली. दफ्तरदार घराणं शिंद्यांच्या दफ्तराबरोबर इथे आलं त्याला दोनशे वर्षं झाली, आणि एवढ्या काळात मराठी माणसाने उज्जैनात कुणाचं मूल पळवल्याची नोंद नाही, असं त्यांनी सांगितलं. सुलभा, अरविंदची बायको, भाजी चिरता चिरता म्हणाली की भाऊबंदांनी अर्धं घर पळवलं त्याची आहे. भय्यासाहेब म्हणाले, तो विषय वेगळा.

नियम लागू पडला. भाजीवाल्याने गमतीने "चल बिटिया, मंडी चलते हैं" म्हटलं तर जयू कमरेवर हात ठेवून सांगायची, "आप मराठी नहीं हो. मैं नहीं आऊंगी." आठ महिने ती कुणाबरोबर गेली नाही. घरच्यांना नियम पक्का वाटला. अरविंदला झोप लागू लागली. बँकेत त्याने आणखी एका मराठी सहकाऱ्याला हा नियम सुचवला, ज्याची मुलं पूर्ण शहाणी होती.

मग अष्टमी आली.

नवरात्रातल्या अष्टमीला उज्जैनात नऊ लहान मुलींना देवी मानून जेवू घालतात. कन्याभोज. सकाळपासून बायका घरोघरी मुली मागत फिरतात, जसं विरजण मागावं तसं. "भाभी, दो कन्या मिल जाएंगी क्या?" मुली कमी, घरं जास्त. एकेक मुलगी सहा-सहा घरी जेवते, म्हणजे पहिल्या दोन घरी जेवते आणि पुढच्या चार घरी पुरीकडे बघत बसते. जयू सहाव्या घरीही जेवायची. शिवाय यजमानिणीच्या डोक्यावर हात ठेवून मनापासून आशीर्वाद द्यायची. गल्लीत बोलवा होता की ही तर भोळी, हिच्यात देवीचा अंश जास्त.

अरविंद दर अष्टमीला किरकोळ रजा टाकायचा. वर्षातला हा एकच दिवस असा, की परक्या घरातून परकी मुलगी उचलून आणली, तिचे पाय धुतले आणि आत नेऊन जेवायला बसवलं, तर बघणारे हात जोडतात. त्याने सुलभाला हे आदल्या दिवशी सांगून पाहिलं. या वर्षी नको पाठवू या.

सुलभाने हातातलं काम थांबवलं नाही. "वर्षभर तिला कुणाच्या वाढदिवसाला बोलावणं येत नाही," ती म्हणाली. "पोरं म्हणतात, ती गळ्यात पडते. उद्या तिला सात घरचं बोलावणं आहे. त्यांना जाऊन तुम्ही नाही म्हणा."

अरविंद गेला नाही.

सकाळी जयूने लाल चुनरी घेतली, बांगड्या चढवल्या आणि आईचा हात धरून निघाली. तीन घरं झाली. चौथं घर मागच्या गल्लीतल्या कुसुमभाभींचं. तिला पाटावर बसवून सुलभा घरी आली, कारण भय्यासाहेबांचा नैवेद्य राहिला होता. वीस मिनिटांनी न्यायला गेली तर पाटावर आठ मुली होत्या.

सुलभा धावत घरी आली तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या. अरविंदने तिचे पाय पाहिले आणि स्कूटरची किल्ली उचलली.

कुसुमभाभी दारातच भेटल्या. घाबरलेल्या वगैरे अजिबात नव्हत्या. एक भले गृहस्थ आले होते, पांढऱ्या मारुती व्हॅनमधून. त्यांच्या घरी एक कन्या कमी पडत होती. जयूचं इथलं जेवण झालंच होतं, म्हणून तिला पाठवलं. नाव? आजच्या दिवशी नाव कोण विचारतं. पत्ता? इथलेच असतील. आणि भाईसाब, तुमचा नियम पाळूनच पाठवलं हो, सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे तो. ते मराठीत बोलले.

अरविंदचा श्वास परत आला. मागे भय्यासाहेब काठी टेकत येऊन पोहोचले होते. ते म्हणाले, मग चिंता कसली, आपल्यातलंच कुणीतरी असणार. काय म्हणाले ते गृहस्थ?

कुसुमभाभींनी आठवून सांगितलं, "बोले, चल बाळा, जेवायला चल."

"बाळा म्हणाले," भय्यासाहेब मुलाकडे वळले. "घरंदाज आहेत."

कुसुमभाभी कौतुकाने पुढे सांगू लागल्या. पहिल्यांदा ते 'जेवायला' नीट म्हणत नव्हते, 'जेबायला' म्हणत होते. जयूने दोनदा सुधारून घेतलं.

गल्लीत कुठेतरी टीव्ही लागला होता. अरविंदला तो ऐकू येईनासा झाला. त्याने विचारलं, सुधारून घेतलं म्हणजे काय?

"अरे, सिखाया उनको. पहले तो वो हिंदी में ही बोले थे. जयू बोली, ऐसे नहीं आऊंगी, ऐसा बोलो. वो तो सबको सिखाती है, भाईसाब. आपको नहीं मालूम?"

त्याला नव्हतं मालूम. आठ महिने त्याने मुलीभोवती भिंत घातली होती, आणि मुलगी भिंतीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिडी देत होती. नियम तिने एकदाही मोडला नव्हता. मराठी बोलेल त्याच्याबरोबरच जायचं होतं, आणि तिला जायचं तर सगळ्यांबरोबर होतं. तेव्हा सगळ्यांना मराठी शिकवणं आलं.

सुलभाला त्याने घरी पाठवलं आणि भय्यासाहेबांना फोनजवळ बसवलं. फोन चार वर्षं नंबर लावून त्याच उन्हाळ्यात आला होता. मग त्याने स्कूटर काढली.

गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाला होता. अरविंदने त्याला विचारलं, व्हॅन पाहिली का, पांढरी, माझी मुलगी होती तिच्यात. पंक्चरवाल्याने व्हॅन पाहिली नव्हती. पण दफ्तरदार साहेब स्वतः बोलायला थांबले याचा आनंद होऊन त्याने टायर खाली ठेवला आणि स्वच्छ मराठीत, थेट सुलभाच्या चालीवर म्हटलं, "चल जयू, उशीर झाला, आई रागावेल."

अरविंदने स्कूटर बंद केली.

"बिटिया ने सिखाया," पंक्चरवाला म्हणाला. "ठीक बोला न?"

ऊसरसवाल्यालाही एक वाक्य येत होतं. टेम्पोच्या थांब्यावरच्या दोघांना येत होतं. त्यातला एक, ज्याच्या गळ्यात रुमाल होता आणि ज्याला अरविंदने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, तो म्हणाला, "मी तुझा काका. घाबरू नको." उच्चार निर्दोष होता. हे वाक्य अरविंदच्या घरातलं होतं. अनोळखी माणसाचं सोंग घेऊन जयूला कधी घाबरवायचा प्रयत्न केला की शेवटी दया येऊन तेच म्हणायचे सगळे. टॉवर चौकापर्यंत असे अकरा जण निघाले. दोनशे वर्षांत मराठी भाषेचा उज्जैनात एवढा प्रसार कधी झाला नव्हता. त्यांतला कुणीही, कोणत्याही दिवशी, नुसतं तोंड उघडून त्याची मुलगी घेऊन जाऊ शकला असता. यांनी नेली नाही, एवढंच. आज बारावा कुणी आला होता.

तो चौकाभोवतीच्या फ्रीगंज वस्तीतली घरं बघत सुटला. दार उघडं दिसलं की आत डोकावायचं. प्रत्येक घरात पाटांची ओळ, प्रत्येक पाटावर लाल चुनरी, आणि पाठमोऱ्या सगळ्या सारख्या. तो समोर जाऊन एकेक चेहरा बघायचा. नाही. नाही. ही ठेंगणी आहे, पण नाही. घरातले लोक म्हणायचे, कुणीतरी भोजनालाच नेली असेल, आज काय चिंता, बसा, प्रसाद घ्या. दोन ठिकाणी त्याच्या हातात पुरी आणि हलव्याचा द्रोण आला. नाही कसं म्हणायचं ते न सुचून त्याने द्रोण डिकीत ठेवले.

चौकीवर हवालदार सज्जन होता. त्याने कागद घेतला आणि विचारलं, अंगावर काय होतं? अरविंद म्हणाला, लाल चुनरी. हवालदाराने खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्याने दहा-बारा लाल चुनऱ्या चालल्या होत्या. त्याने पेन खाली ठेवलं, परत उचललं. कुणावर शक? अरविंदने जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, की माणूस मराठी बोलत होता.

"फिर तो आपके ही लोग हुए," हवालदार म्हणाला आणि त्याने शहरातल्या मराठी घरांची यादी मागितली. अरविंदने ती दिली. पहिलं नाव त्याच्या मामेभावाचं होतं.

परतताना तो दिसेल त्याला थांबवून सांगत होता. मुलगी नेली. पांढरी व्हॅन. केबलवाल्याने चालू सिनेमाच्या खाली पट्टी सोडली: 'जयू नामक कन्या, आयु ग्यारह, हँसमुख, सबसे बात करती है.' अरविंदने ती एका दुकानातल्या टीव्हीवर वाचली आणि त्याला वाटलं, याहून चांगली जाहिरात कुणी करू शकलं नसतं. एक वाजेपर्यंत बातमी वाढून तीन मुली झाल्या होत्या. दीडला ती टोळी झाली. गल्लीच्या तोंडाशी माणसं जमली होती, काहींच्या हातात काठ्या होत्या, आणि पंक्चरवाल्याकडे लोखंडी पट्टी होती.

घरी भय्यासाहेब फोनजवळ ताठ बसले होते. एकही फोन आला नाही, ते म्हणाले. फोन चालू आहे ना, म्हणून ते दर दोन मिनिटांनी रिसीव्हर उचलून कानाला लावून बघत होते. चालू होता.

सुलभा देवासमोर नव्हती. ती पायरीवर बसली होती, अजून अनवाणी. तो तिच्या शेजारी बसला. मग ती म्हणाली, "ती त्याला नावही विचारेल. त्याच्या आईचं विचारेल. तो काहीही करत असला तरी ती विचारत बसेल हो."



दोन वाजता पांढरी व्हॅन गल्लीत शिरली.

गर्दीने ती दहा पावलांतच अडवली. दार उघडून कुणीतरी चालवणाऱ्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. पन्नाशीचा जाडसर माणूस, कपाळावर कुंकू, शर्टाचं वरचं बटण तुटून पडलेलं. अरविंद धावत पोहोचला तेव्हा पुढच्या सीटवर जयू मांडी घालून बसली होती. गळ्यात झेंडूची माळ, मांडीवर केळी. गर्दी आपल्या स्वागताला आली आहे अशी तिची समजूत झाली होती आणि ती एकेकाला नावाने हाक मारत होती. बाबा दिसताच तिने ओळख करून दिली, "हे दुर्गाकाका. यांच्या आईचा पाय मोडलाय. मी फुंकर घातली."

सुलभाने तिला बाहेर ओढून घेतलं, हात बघितले, पाय बघितले, चुनरी उचलून मान बघितली. जयू हसत होती. तिला गुदगुल्या होत होत्या.

व्हॅनवाला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता, पण त्याच्या तोंडून शब्दच धड निघत नव्हता. पंक्चरवाल्याने लोखंडी पट्टी वर धरली आणि अरविंदकडे पाहून विचारलं, "साहब, यही है न?"

सगळे थांबले. चाळीस-पन्नास माणसं, आणि सगळी त्याच्या तोंडाकडे बघत होती. ही गर्दी त्यानेच जमवली होती, दारोदार फिरून, एकेक करून. अरविंदने त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सकाळपासून आपण कसे दिसत असू ते त्याला आत्ता कळलं.

हा माणूस कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. आत काय झालं, झालं की नाही झालं, तेही नाही. मुलगी हसत होती, पण मुलगी सुई टोचतानाही हसायची.

"हाँ, यही हैं," तो म्हणाला. "हमारे घर के हैं. सुबह मैंने ही भेजा था इनके साथ. मैं भूल गया."

मग कुणीतरी म्हणालं, भूल गया? पोलीस, केबल, आख्खं फ्रीगंज, आणि भूल गया? काठ्या खाली आल्या. लोक निराश झाले होते आणि निराशा सगळी अरविंदवर निघाली. बाप असा असेल तर पोरगी तशी असणारच, असं एकाने जाताना मोठ्याने म्हटलं.

व्हॅनवाल्याला आत आणून बसवलं आणि चहा दिला. दुर्गाशंकर नाव. शहराबाहेरच्या भैरवगढला छापील चादरींचा छोटा कारखाना. आईचा पाय मोडला, तो बरा व्हावा म्हणून नऊ कन्यांचा नवस. तिकडच्या मुली सगळ्या बोलावलेल्या, आठच मिळाल्या. मिठाईला फ्रीगंजात आला होता, तिथून गल्ल्यांत विचारत विचारत इकडे पोहोचला. जेवण झाल्यावर त्याच्या बायकोने विचारलं, मुलगी कुणाची? त्यालाच ठाऊक नव्हतं. जयूने घराचा फोन नंबर सांगितला. आकडे तिला येत नव्हते, पण फोनचा नंबर तिने गाण्यासारखा पाठ केला होता. पीसीओवरून त्याने सहा वेळा फोन लावला. दर वेळी लाइन व्यस्त.

भय्यासाहेब उठून आतल्या खोलीत गेले.

दुर्गाशंकरने चहा संपवला. जाताना दारात थांबला. त्याला माफी मागायची होती, पण कशाची ते त्याला नीट ठरवता येत नसावं.

"बाबूजी, मेरी भी बेटियाँ हैं," तो म्हणाला. "इसने कहा, बोलोगे तो आऊंगी. मैंने बोल दिया. इतना आसान था. रास्ते भर मुझे खुद डर लगता रहा. आप ये ताला बदल दो."

अरविंद म्हणाला, बदलतो.

तो गेल्यावर नवरा-बायको स्वयंपाकघरात बसले. ताला कोणता लावायचा हे कुणालाच सुचलं नाही. शेवटी सुलभाच म्हणाली, आता नाही. कन्याभोज नाही, कुणाचं बोलावणं नाही, कुणी कितीही हात जोडू दे. जयू या दाराबाहेर एकटी पाऊल टाकणार नाही. हे म्हणताना ती रडत नव्हती. तिने ते दोनदा म्हटलं. अरविंदने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी नवमी होती. उज्जैनात निम्मी घरं कन्याभोज अष्टमीला घालतात आणि निम्मी नवमीला.